आधी क्लच बघा, मग रीमॅप

लातूरच्या दादांनी विचारलंय, जुन्या १.३ डिझेल स्विफ्टची ताकद वाढवायला आधी कोन फिल्टर (हवेचा शंकूच्या आकाराचा उघडा फिल्टर) की रीमॅप (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदलणं)? कोन फिल्टर राहू द्या. बॉनेटखालचा उघडा फिल्टर इंजिनाचीच गरम हवा ओढतो. २५ अंशांची हवा ४५ वर गेली की घनता साधारण ६ टक्क्यांनी घटते, म्हणजे इंजिनाला प्राणवायू तेवढा कमी. आणि आपल्याकडं मे महिन्यात बॉनेटखाली ४५ वर थांबतंय कोण! त्यात रस्त्यावरचा फुफाटा. आवाज तेवढा भारी येतो, बस्स.

रीमॅपनं फरक खरंच पडतो, कारण डिझेलचं माप ईसीयूच, म्हणजे तो कॉम्प्युटरच ठरवतो. पण हेच इंजिन स्विफ्टमध्ये ७५ पीएस आणि एर्टिगात ९० पीएस द्यायचं, ते नुसत्या सॉफ्टवेअरवर नाही. तिथं टर्बोच (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) वेगळा होता, व्हेरिएबल जॉमेट्रीचा, म्हणजे आतली पाती गरजेप्रमाणं फिरणारा. स्विफ्टच्या टर्बोकडून तेवढंच पिळून काढायला गेलात तर एक्झॉस्टची उष्णता वाढते. काळा धूर यायला लागला तर ट्यूनरनं, म्हणजे रीमॅप करणाऱ्यानं, डिझेल नुसतं ओतलंय समजा.

मी रीमॅप केला आणि आठवड्यात चाळीसगावहून औट्रम घाट चढत होतो, गाडीत पाच माणसं. तिसऱ्या गिअरला आरपीएम वर, वेग मात्र तिथंच, अन् जळका वास. लाखभर किलोमीटर झालेली क्लच प्लेट वाढीव टॉर्क (इंजिनाचा फिरवणारा जोर) झेलेना, घसरत होती. मेव्हण्यानं अजून टोमणे सोडले नाहीत.

विमा कंपनीला बदल लेखी कळवा, नाहीतर क्लेमला अडकाल. आणि ट्यूनरकडून मूळ सॉफ्टवेअरची फाइल पेनड्राइव्हवर मागून घ्या.