मदत हवी आहे: पीएस४ वर सायबरपंक २०७७ घ्यावा का?

मंडळी, सीताबर्डीवर एका दुकानात सायबरपंक २०७७ ह्या व्हिडिओ गेमची पीएस४ (सोनीचा प्लेस्टेशन ४) साठीची जुनी डिस्क स्वस्तात मिळते आहे. माझ्याकडे साधा पीएस४ आहे. घेऊ का?

१० डिसेंबर २०२० ला गेम आला तेव्हाचा गाजावाजा आठवतो. आणि आठवड्याभरात सोनीनं तो आपल्या स्टोअरवरून काढून टाकला, तेही आठवतं. जून २०२१ मध्ये स्टोअरवर परत आणला म्हणा. पण सप्टेंबर २०२३ चं २.० अपडेट, ज्यात पोलीस आणि स्किल्सची पद्धत नव्यानं बसवली, ते पीएस४ ला मिळालंच नाही. फँटम लिबर्टी हा गेमचा जोडभागही नाही.

मागच्या रविवारी मानेवाड्याला मित्राच्या पीसीवर दोन-तीन तास खेळलो. बाहेर ऊन मी म्हणत होतं, कूलर घरघरत होता आणि स्क्रीनवर गेममधल्या नाइट सिटी शहरात पाऊस! ओल्या रस्त्यावर पाट्यांचे गुलाबी-निळे उजेड पसरलेले, मी मिशन सोडून नुसता चालत राहिलो. गेममधला जॅकी तर आपल्या गल्लीतला वाटावा असा मित्र. गाडी चालवणं मात्र मला जमलंच नाही, आणि रस्त्यावरची माणसं नुसती शोभेला. कुणाशी बोलावं तर एक वाक्य टाकून मोकळी.

तर ज्यांनी साध्या पीएस४ वर शेवटपर्यंत खेळलाय त्यांनी सांगा: गर्दीच्या भागात किती अडकतो? मध्येच बंद पडतो का? की पीएस५ साठी दिवाळीपर्यंत थांबू? डिस्क उद्या संध्याकाळपर्यंतच ठेवतो म्हणालाय दुकानदार.