मदत हवी आहे: साउंडचेकच्या गोंगाटात मुलाखत कशी रेकॉर्ड करावी?

मुंबईत स्वतःची गाणी करणारे कलाकार आणि त्यांच्या कार्यक्रमांमागे राबणारी माणसं यांच्याशी मी मराठीत गप्पा रेकॉर्ड करतोय. कलाकार घरी वेळ देतात, तिथे अडचण नाही. अडचण साउंडवाल्यांची. उघड्यावरचे स्पीकर रात्री १० ला बंद, मग सामान टेम्पोत, मग शेवटची लोकल. ते मोकळे असतात फक्त साउंडचेक (कार्यक्रमाआधीची आवाजाची चाचणी) आणि कार्यक्रम यांच्या मधली वीसेक मिनिटं, तीही मिक्सरपाशीच.

गेल्या शनिवारी दादरला साउंड सांभाळणाऱ्या एका काकांनी फीडबॅक (स्पीकरचा आवाज परत माइकमध्ये शिरून होणारी कर्कश शिट्टी) कसा मारतात ते फार सुरेख सांगितलं. कुठली फ्रिक्वेन्सी बोंबलतेय ते कानानेच ओळखायचं आणि इक्वलायझरवर (प्रत्येक फ्रिक्वेन्सी वेगळी कमी-जास्त करायच्या यंत्रावर) तेवढीच पट्टी खाली घ्यायची. सांगताना बोटं आपोआप पट्ट्यांवर फिरत होती. घरी येऊन ऐकलं तर जनरेटरची घरघर, ढोलकीची थाप आणि त्याखाली बुडालेले काका. फार वाईट वाटलं.

कॉलर माइक वापरून झाला, तो चहूबाजूंचं घेतो. ॲपने नॉइज काढला तर आवाज डब्यातून आल्यासारखा येतो. नंतर फोनवर बोलून पाहिलं, पण तो रंग येत नाही.

बजेट ८,००० रुपये. टाइप-सी फोन आहे, वेगळा रेकॉर्डर नाही. हातात धरायचा डायनॅमिक (कमी संवेदनशील, तोंडाजवळ धरायचा) माइक घ्यावा, की हात मोकळे ठेवणारा कार्डिऑइड (मुख्यतः समोरचा आवाज घेणारा) हेडसेट? आणि त्यांच्याच मिक्सरच्या टॉकबॅक माइकचा (साउंडवाला स्टेजवरच्यांशी बोलतो त्या माइकचा) आवाज, चालू कामात लुडबुड न करता, थेट फोनवर घेता येईल का? त्यासाठी नेमकी कुठली केबल लागेल?