लंडनमधलं व्हीगन खाणं: तुमचे अनुभव सांगा

हॅरोची_माई

गेल्या शनिवारी लेकीने यूस्टनजवळ ड्रमंड स्ट्रीटला जेवायला नेलं. सोबत तिचा मित्र. तो चार वर्षांपासून व्हीगन आहे, दूध-दही-तूप काही चालत नाही. डोसा मागवताना त्याने नुसतं "व्हीगन" एवढंच म्हटलं आणि वेटर घडाघडा सांगायला लागला, "डोसा तेलावर करून देतो, सांबारात तूप नाही, पांढऱ्या चटणीत दही आहे, ती नका घेऊ, लाल देतो." बाकी टेबलांवर कुणी मान वर करूनही पाहिलं नाही.

मला एकदम १९९८ आठवलं. आई पहिल्यांदा इकडे आली होती. आम्ही कोचने स्टोनहेंज बघायला गेलो आणि वाटेत एका ठिकाणी जेवायला थांबलो. शाकाहारी आहे म्हणून सांगितलं, तर सॅलडवर ट्यूना घालून आणला. "मासा म्हणजे मांस नाही," असं तिथल्या बाईंनी आईला अगदी प्रेमाने समजावलं. आईने पर्समधून दशमी-चटणी काढली आणि खाल्ली. परतताना खिडकीकडे तोंड करून म्हणाली, "इथे मला जेवू घालणारं कुणी नाही का गं?" ते वाक्य अजून बोचतं. आई २०११ मध्ये गेली. परवा त्या टेबलाशी ती असायला हवी होती असं फार वाटलं.

रविवारी तो व्हीगन मुलगा घरी आला तेव्हा मुद्दाम दशम्याच केल्या, नारळाच्या दुधात. पाच खाल्ल्या त्याने.

तुमच्या घरात कुणी व्हीगन झालंय का? बाहेर काय मिळतं, घरी काय बदललं? सगळ्यांनी लिहा.

---

मटकीउसळ

माई, डोळे भरून आले.
माझी आठवण जानेवारी २०१९ ची. ग्रेग्ज बेकरीचा व्हीगन सॉसेज रोल नुकताच आला होता आणि ऑफिसात दुसरा विषय नव्हता. आमचा एक वेल्श सहकारी, मटणाशिवाय घास न उतरणारा, तोही रांग लावून घेऊन आला. मग माझ्या डब्याकडे बघून म्हणाला, तुझं हे व्हीगन आहे का? मटकीची उसळ आणि पोळी होती. मला सांगताच येईना! संध्याकाळी सासूबाईंना फोन केला, उसळीला फोडणी कशाची घालता? तेलाची. पोळीला? तूप. म्हणजे उसळ पास, पोळी नापास. तेव्हापासून त्याच्यासाठी एक पोळी कोरडी नेते. वर्षभरात त्याने झुणका, भरली वांगी, अळूवडी सगळं खाल्लं. आपल्या स्वयंपाकात नाव न देता किती व्हीगन पडलंय, हे मला त्या माणसामुळे कळलं.

---

साऊथॉलची_सून

माई दशमीची कृती द्या ना. डब्यातलं नारळाचं दूध चालेल का?

---

ब्रिक्स्टनकर

व्हीगन म्हटलं की लोकांना महागडे कॅफे आणि ॲव्होकाडो आठवतो. आमच्याकडे जमैकन लोकांचं इटल जेवण कितीतरी जुनं आहे. रास्ताफारी पंथाच्या मंडळींचं. मांस नाही, बरेच जण मीठही टाळतात, नारळाच्या दुधात शिजवलेला राजमा-भोपळा, केळी, कंद. मी नोकरी सुटली होती तेव्हा कोपऱ्यावरच्या टपरीवर रोज जायचो. मालकीण पहिल्या दिवशी म्हणाली, "तुमच्याकडेही नारळ घालतात ना?" मी तिला सोलकढी सांगितली. कोकम कुठून आणू म्हणाली. पुढच्या मे महिन्यात मालवणहून येताना अर्धा किलो आमसुलं आणली तिच्यासाठी. सोलकढी प्यायल्यावर तिचा चेहरा बघायला हवा होतात तुम्ही.

---

हॅरोची_माई

@साऊथॉलची_सून चालतं. दोन वाट्या कणीक, चमचाभर तेल, चिमूटभर मीठ, दोन चमचे किसलेला गूळ. दूध कोमट करून गूळ त्यातच विरघळवायचा आणि त्याने कणीक भिजवायची. डबा आधी चांगला हलवा, वरची साय तशीच गेली तर कणकेला कडा फुटतात. जरा जाड लाटा, मंद आचेवर तेल सोडून भाजा. दोन दिवस मऊ राहतात.

@ब्रिक्स्टनकर आमसुलांचं वाचून फार बरं वाटलं.

---

ओवी_आणि_मी

एक कळकळीची विनंती, घरात दुधाची ॲलर्जी असलेलं मूल असेल तर नुसता "व्हीगन" शब्द बघून काही देऊ नका.
माझ्या मुलीला दुधाची तीव्र ॲलर्जी आहे. तीन वर्षांपूर्वी एका कॅफेत व्हीगन म्हणून ब्राउनी घेतली. दोन घासांत ओठ सुजले, अंगावर गांध्या उठल्या. ॲड्रेनलिनच्या इंजेक्शनचं पेन टोचलं, ॲम्ब्युलन्स आली, रात्र हॉस्पिटलमध्ये काढली. नंतर कळलं, साध्या ब्राउनीची सुरी तिलाच वापरली होती. इथे व्हीगन शब्दाची कायद्यात व्याख्या नाही. १४ ॲलर्जन मात्र सांगावेच लागतात आणि दूध त्यात आहे. ऑक्टोबर २०२१ पासून नताशा लॉ लागू झाला, त्यामुळे दुकानातच बनवून पॅक केलेल्या पदार्थावर सगळे घटक लिहावे लागतात. म्हणून लेबल वाचा आणि काउंटरवर "दुधाची ॲलर्जी" असंच स्पष्ट म्हणा.
तरीही व्हीगन जागा वाढल्याचा मला मनापासून आनंद आहे. ज्या किचनमध्ये दूध येतच नाही तिथे मी जरा खुर्चीला टेकून बसते. आधी कुठेच टेकले नव्हते.

---

मटकीउसळ

@ओवी_आणि_मी बापरे. आता कशी आहे ओवी?

---

ओवी_आणि_मी

मजेत! आत्ता शेजारी बसून ओट दुधाचं कोको पितेय.

---

तवा_गरम

मी इथल्या एका भारतीय हॉटेलच्या किचनमध्ये सहा वर्षं आहे. ब्रेकमध्ये लिहितोय, चुका सांभाळून घ्या.
पूर्वी महिन्याला एखादी व्हीगन ऑर्डर यायची. आता शुक्रवारी रात्री पाच-सहा टेबलं तरी असतातच. नानच्या पिठात दही असतं, म्हणून तंदुरी रोटी देतो, वरून बटर न लावता. डाळ सकाळीच दोन पातेल्यांत करतो, एकाला तेलाची फोडणी. काजूच्या ग्रेव्हीत क्रीम पडतं, ती बाद. भज्यांची कढई वेगळी ठेवायला मी मालकाशी दोन महिने भांडलो, कारण त्याच तेलात मासे तळायचो. आता वेगळी आहे आणि त्यावर लाल दोरी बांधलीय.
मेन्यूवरच्या "व्ही"वर विसंबू नका. कुठे त्याचा अर्थ व्हेजिटेरियन, कुठे व्हीगन. सरळ म्हणा, दूध दही तूप लोणी क्रीम मध नको. आम्हाला राग येत नाही, उलट काम सोपं होतं.

---

सासूबाईंची_लाडकी

आमच्याकडे कुणी व्हीगन नाही पण फायदा सासूबाईंना झाला! अंडं चालत नाही म्हणून वीस वर्षं त्यांनी इथे बाहेरचा केक खाल्ला नव्हता. गेल्या वाढदिवसाला मी व्हीगन केक आणला. लेबल तीनदा वाचलं, मला मोठ्याने वाचायला लावलं, मग एक चमचा, मग आख्खा तुकडा. आता जेलीच्या गोळ्याही व्हीगन बघून घेतात, प्राण्यांचं जिलेटिन नको म्हणून. परवा दुकानात एका पंजाबी आजींना तेच समजावत होत्या.

---

टूटिंगची_टिटवी

इथिओपियन जेवण कुणी खाल्लंय का?? मैत्रिणीबरोबर गेले होते. मोठी परात आली, त्यावर इंजेरा म्हणजे आपल्या आंबोळीसारखं आंबवलेलं, पण टेफ नावाच्या बारीक धान्याच्या पिठाचं. वर भाज्या, मसूर आणि मधोमध शिरो. पहिला घास घेतला आणि मी म्हटलं, अगं हे पिठलं आहे! खरंच बेसनासारखंच, हरभऱ्याच्या पिठाचं, लसूण-कांदा, तिखट. वाढणारी मुलगी म्हणाली हे आमचं उपासाचं जेवण. त्यांच्या चर्चमध्ये बुधवार-शुक्रवार आणि ईस्टरच्या आधी कितीतरी दिवस मांस, अंडी, दूध काहीच नाही. व्हीगन शब्द तिने नंतर शिकला, जेवण लहानपणापासूनचं. मी तिला साबुदाणा खिचडीचा फोटो दाखवला. मग उपास या विषयावर आम्ही अर्धा तास उभ्या उभ्या बोललो, मैत्रीण बिचारी एकटीच जेवली.

---

भाऊ_डॉलिसहिल

गणपतीत महाराष्ट्र मंडळात (स्थापना १९३२ बरं का) माझा भाचा आला होता, तो हल्ली व्हीगन. पंचामृत पुढे केलं, त्याने हात जोडले आणि घेतलं नाही. माझा चेहरा पडला. तो म्हणाला मामा, दूध, दही, तूप, मध, साखर, यातली साखरच मला चालते. तिथल्या एका काकूंनी ऐकलं. काही न बोलता आत गेल्या आणि वाटीत गूळखोबरं घेऊन आल्या. "हाही प्रसादच." त्या काकूंना मी मनोमन नमस्कार केला. यंदा मी घरी मोदकाची उकड तुपाऐवजी खोबरेल तेल घालून केली, चांगली मऊ झाली, तुटली नाही.

---

साऊथॉलची_सून

दशम्या केल्या!!! नवऱ्याला सांगितलंच नाही दूध नाही म्हणून, डबा रिकामा आलाय.

---

मापात_खा

डॉक्टर नाही, फार्मसिस्ट आहे. पूर्ण व्हीगन असाल तर बी १२ ची गोळी किंवा बी १२ घातलेलं ओट-सोयाचं दूध, सीरियल घ्याच. मुलगा वर्षभर हातापायाला मुंग्या येतात म्हणत होता, आम्ही अभ्यासाचा ताण समजत राहिलो. तपासणीत बी १२ अगदी तळाला. आता ठीक आहे, पण ते वर्ष मला आजही सलतं.

---

टूटिंगची_टिटवी

चहाचं कुणी सांगा प्लीज. ओट दूध उकळलं की गिळगिळीत होतं, सोया घातलं की फाटतं.

---

हॅरोची_माई

ओट दूध उकळायचं नाही गं. पाण्यातच आलं, वेलची, साखर, चहा पावडर चांगली उकळून घे, गॅस बंद कर, मग गरम केलेलं दूध वरून घाल. पुड्यावर बरिस्टा लिहिलेलं घे.

---

तवा_गरम

आलं घातलं की सोया जास्तच फाटतं. ओटच बरं. माई, दशम्या आमच्या किचनमध्ये करून बघू का? सोमवारी शांत असतं.

---

हॅरोची_माई

कर की बाळा. गूळ मात्र चिकीचा घेऊ नकोस, साधा घे. आणि कुठलं हॉटेल ते मला मेसेज कर, लेकीला आणि त्या मुलाला घेऊन येते.

---

ब्रिक्स्टनकर

वेम्बलीत ईलिंग रोडला ताजं बाजरीचं पीठ कुणाकडे मिळालं तर सांगा, माझं कडू निघालं.