टुपेलोत नर्सची नोकरी मिळेल का?

सागर:
नमस्कार मंडळी,
कंपनी मला चाकणहून एल-१ व्हिसावर मिसिसिपीतल्या टुपेलोला पाठवते आहे. ब्लू स्प्रिंग्जच्या टोयोटा कारखान्याला माल पुरवणारं आमचं युनिट आहे. सौ. स्टाफ नर्स आहे. जीएनएम (नर्सिंगची पदविका), मग पोस्ट बेसिक बीएस्सी, सध्या चिंचवडला आयसीयूत. "अमेरिकेत नर्सला काय तोटा!" असं इथे जो तो म्हणतो. पण गाव जेमतेम चाळीसेक हजार वस्तीचं. तिथे खरंच काम मिळेल, की तिने घरी बसायचं? त्या भागातलं कोणी असेल तर कृपया सांगावं.

वैशाली:
सागर, मी याच भागात मेड-सर्जला, म्हणजे औषधोपचार-शस्त्रक्रियेच्या जनरल वॉर्डात, नाइट करते, म्हणून जरा सविस्तर.

गाव लहान असलं तरी हॉस्पिटल लहान नाही. नॉर्थ मिसिसिपी मेडिकल सेंटरला सहाशेच्या वर खाटा आहेत, आणि आसपासच्या काउंट्यांतून, अगदी अलाबामाच्या हद्दीतूनही पेशंट तिथेच येतात. आयसीयूचा अनुभव असेल तर दार उघडं आहे असंच समज.

व्हिसाचीही काळजी नको. नोव्हेंबर २०२१ पासून एल-१वाल्यांच्या जोडीदाराला वेगळं वर्क परमिट लागत नाही. विमानतळावर उतरल्यावर आय-९४ वर, म्हणजे देशात शिरल्याच्या नोंदीवर, 'एल-२एस' (एल-१वाल्याच्या जोडीदाराची खूण) लिहिलंय ना, तेवढं बघा. एच-४ वर, म्हणजे एच-१बीवाल्यांचे जोडीदार म्हणून आलेल्या आमच्यासारख्यांनी याच परवानगीसाठी वर्षानुवर्षं वाट पाहिली आहे, असो.

खरी अडचण लायसन्सची. आधी शिक्षणाची पडताळणी, मग एनक्लेक्स, म्हणजे लायसन्सची परीक्षा. पडताळणीसाठी गुणपत्रकं नर्सिंग स्कूलने आणि नोंदणीचा दाखला महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलने थेट पाठवायचा असतो. तुम्ही नेऊन दिलेला चालत नाही. हे काम विमानात बसण्याआधी उरकाच. अमेरिकेतून फोन करून आपल्याकडच्या क्लार्ककडून काम करून घेणं म्हणजे काय, ते इथे निम्म्या लोकांना माहीत आहे. परीक्षा भारतातही देता येते: पाच तास, ८५ ते १५० प्रश्न, आणि २०२३ पासून केस स्टडीवर भर. पाठांतरावर निभत नाही.

पगाराचं स्पष्टच सांगते. देशभरातल्या नर्सेसचा मध्यम पगार २०२३ मध्ये वर्षाला ८६,०७० डॉलर होता. मिसिसिपी त्याच्या बरीच खाली. पण घरभाडंही खाली. कॅलिफोर्नियातल्या मैत्रिणींचे आकडे ऐकून जीव जाळू नये.

अरविंद:
वैशालीने उजळ बाजू लिहिली, मी दुसरी लिहितो. लहान गावात मोठं हॉस्पिटल एकच. तिथे पटलं नाही तर बाकी उरतात वृद्धांची नर्सिंग होम्स आणि डायलिसिस सेंटरं. मिसिसिपीने मेडिकेडचा, म्हणजे गरिबांच्या सरकारी आरोग्यविम्याचा, विस्तार केलेला नाही, त्यामुळे ग्रामीण हॉस्पिटलांचे हिशेब कायम तंग. ग्रीनवुडच्या लेफ्लोर हॉस्पिटलने २०२२ मध्ये प्रसूती विभागच बंद केला. म्हणून रुजू होताना मिळणाऱ्या बोनसला भुलू नका. त्याबरोबर वर्ष-दोन वर्षांचा करार येतो, आणि मध्येच सोडलं तर पैसे परत. सही करण्याआधी वहिनींनी कागद ओळ न् ओळ वाचावा.

शुभांगी:
वैशालीताई, मी सागरची पत्नी. दोन शंका आहेत. माझं जीएनएमचं स्कूल ट्रस्टचं होतं, ते आता बंद पडलंय. आणि तिथे काम नेमकं वेगळं काय असतं?

वैशाली:
शुभांगी, स्कूल बंद असेल तर रेकॉर्ड कोणाच्या ताब्यात आहे ते ट्रस्टच्या ऑफिसात आणि कौन्सिलमध्ये स्वतः जाऊन विचार. पोस्ट बेसिकची कागदपत्रं असली तरी जीएनएमची लागतातच, पाया तोच धरतात.

कामाचं म्हणशील तर आयसीयूत तू केलेलं बरंच उपयोगी पडेल. पण शिफ्ट सुरू झाली की प्रत्येक पेशंटची डोक्यापासून पायापर्यंत तपासणी नर्सनेच करायची. फुप्फुसं पुढून-मागून ऐकायची, घोट्यावरची सूज बोटाने दाबून बघायची, आणि लगेच कॉम्प्युटरवर चढवायची. गोळी देताना आधी मनगटावरचा पट्टा स्कॅन, मग गोळीचं पाकीट. अंघोळ घालायला, भरवायला नातेवाईक असतील हे डोक्यातून काढ. काही चुकतंय असं वाटलं तर रात्री दोन वाजता डॉक्टरला उठवायचं, आणि त्यात संकोच करायचा नाही. मला हेच सगळ्यात जड गेलं. आपल्याकडे सिस्टरने सरांना उठवायचं म्हणजे केवढं धाडस!

बारा तासांच्या तीन ड्युट्या, की आठवडा संपला. मुलं लहान असतील तर नाइट सोयीची, वर जादा पैसेही.

अरविंदकाकांचा मुद्दा बरोबर आहे, पण त्यावर उपाय आहे. मिसिसिपी, टेनेसी, अलाबामा तिन्ही नर्सिंगच्या बहुराज्यीय करारात आहेत, त्यामुळे एकाच लायसन्सवर शंभरेक मैलांवरच्या मेम्फिसलाही काम करता येतं. त्या लायसन्सला सोशल सिक्युरिटी नंबर लागतो, तेव्हा आल्या आल्या तो आधी काढ.

कागदपत्रांचे फोटो इथे सगळ्यांसमोर टाकू नकोस. विषयवार थिअरी आणि प्रॅक्टिकलचे तास तेवढे लिहून मला वेगळं पाठव. बालरोग आणि प्रसूतीचे आधी बघते, कमी भरतात ते बहुतेक तिथेच.