केसांच्या गोळ्या आणि थायरॉईडचा रिपोर्ट

रजोनिवृत्तीच्या त्रासात आधी आहार, झोप, योगासनं याकडे बघा, हे वरच्या पोस्टमधलं म्हणणं मला पूर्ण पटतं. पण त्याच पोस्टमधलं 'नैसर्गिक गोळ्या घेत असाल तर डॉक्टरांना सांगायची गरज नाही' हे अजिबात नाही. इथे सगळी चर्चा अशा गोळ्यांच्या दुष्परिणामांवर चालली आहे. तपासणीचा रिपोर्टच चुकू शकतो, हे कुणी लिहिलेलं नाही.

माझ्या मोठ्या जावेचे पाळी जायच्या सुमारास केस फार गळायला लागले, म्हणून ती बायोटिन (ब गटातलं एक जीवनसत्त्व) घ्यायची. म्हापशाला रक्त तपासलं तर टीएसएच (थायरॉईडला चालना देणारं संप्रेरक) अगदी खाली, टी४ (थायरॉईडचं स्वतःचं संप्रेरक) वर. म्हणजे थायरॉईड गरजेपेक्षा जास्त काम करत असल्याचं चित्र. पण धडधड नाही, हात थरथरत नाहीत, वजनही तेवढंच. डॉक्टरांनी खोदून विचारलं तेव्हा पर्समधून बाटली निघाली. एका गोळीत १०,००० मायक्रोग्रॅम! दिवसाची गरज साधारण ३० मायक्रोग्रॅमची. या तपासणीच्या अनेक किटमध्ये बायोटिनच वापरलेलं असतं, त्यामुळे रक्तात ते जास्त असलं की आकडे फसवे येतात. हृदयविकाराच्या ट्रोपोनिन चाचणीतही हा धोका आहे, अमेरिकेच्या एफडीएने (औषधांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) २०१७मध्ये तसा इशारा दिला होता. गोळ्या थांबवून काही दिवसांनी पुन्हा तपासलं, सगळं नॉर्मल. थायरॉईडचं औषध सुरू होता होता राहिलं.

तेव्हा बायांनो, धारगळच्या आयुर्वेद संस्थेत जा नाहीतर बांबोळीच्या सरकारी इस्पितळात, घेत असलेल्या सगळ्या बाटल्या पिशवीत घालून न्या. बायोटिन किती दिवस आधी बंद ठेवायचं तेही रक्त देण्याआधीच विचारा.