खानापूर भागात दिव्यांग मुलांसाठी थेरपी कॅम्प आणि क्लिनिक काढायचंय, सल्ला हवा

मलप्रभा_काठ
नमस्कार मंडळी. जांबोटी रोडला आमच्या काकांची रस्त्यालगतची जागा हाय, चांगल्या कामाला देतो म्हणत्यात. आमच्या आसपासच्या वाड्यांत सीपीची (सेरेब्रल पाल्सी, लहानपणीच मेंदूला इजा होऊन हातापायांवर ताबा राहत नाही), ऑटिझमची, पाय वाकडे असलेली पोरं घरातच बसून हायत. आईनं पोराला कडेवर घेऊन पहिली बस पकडायची, खानापुरात उतरून बेळगावची बस, तिथं अर्धा तास थेरपी आणि घरी यायला संध्याकाळ, बाप गोव्याला कामाला. काही फेऱ्या झाल्या की सुटतंच ते, आणि पोर आठ वर्षांचं झालं की कडेवर मावतही नाही. आम्ही चार-पाच जण मिळून दिवाळीनंतर पंधरा दिवसांचा थेरपी कॅम्प आणि त्याच जागेत कायमचं क्लिनिक असं ठरवूलालो. बांधकाम कसं, परवानग्या कुठल्या, थेरपिस्ट कुठनं आणायचे? थोडे पैसे जमलेत, ते भलतीकडं जाऊ नयेत एवढीच काळजी.

फिजिओ_टिळकवाडी
दादा, एक विनंती, बांधकाम सगळ्यात शेवटी. पहिला पैसा माणसाच्या पगाराला ठेवा. एक फिजिओ किंवा ओटी (ऑक्युपेशनल थेरपिस्ट, रोजची कामं करायला शिकवणारा) जो दर आठवड्याला ठरलेल्या वारी येणार म्हणजे येणार, पाऊस असला तरी. तोवर पंचायतीचा हॉल किंवा शाळेची रिकामी खोली मागा. कॅम्प लावायचा, ढीगभर पोरं तपासायची, फोटो काढायचे आणि नंतर कुणीच फिरकायचं नाही असं आपल्या भागात होतं, मग त्या आया पुढच्या माणसावर विश्वास ठेवत नाहीत आणि त्यांचं काही चुकत नाही.

कॅम्पचं म्हणाल तर नुसती तपासणी नको. ज्यांची एकच बाजू कमजोर आहे, म्हणजे हेमिप्लेजिया, त्यांच्यासाठी सलग दोन-तीन आठवडे रोज काही तास असे कॅम्प बऱ्याच देशांत घेतात. चांगल्या हाताला मोजा घालायचा आणि कमजोर हातानं खेळायचं, खायचं, माती मळायची, काही ठिकाणी मोजा न घालता दोन्ही हात लागतील अशीच कामं देतात. सराव एकूण ६० ते ९० तास व्हावा लागतो, तेव्हा कुठं फरक दिसतो, म्हणून पंधरा दिवसांची तुमची कल्पना ह्या पोरांसाठी एकदम बरोबर आहे. पण ज्यांचे दोन्ही पाय कडक आहेत, मान धरत नाही, त्यांना ह्याचा उपयोग नाही. त्यांना नीट बसायची खुर्ची, उभं राहायची फ्रेम, एएफओ (घोटा आणि पाऊल सरळ धरणारा पट्टा) आणि आईला घरी रोज काय करायचं ते शिकवणं. दोन्ही पोरं एका कॅम्पात कोंबू नका.

आणि जी सीपीची पोरं चालत नाहीत त्यांच्या खुब्याचा एक्स-रे ठराविक काळानं काढलाच पाहिजे. खुबा हळूहळू निसटत असतो, सुरवातीला दुखत नाही म्हणून कळत नाही. जन्मतः वाकड्या पायाचं बाळ असेल तर वेळ न घालवता ऑर्थोपेडिककडं पाठवा, पोन्सेटी पद्धतीत दर आठवड्याला प्लास्टर बदलत पाय सरळ आणतात. नंतर मधे पट्टीनं जोडलेले दोन बूट असतात, पहिले ३ महिने दिवसातले २३ तास आणि पुढं साधारण ४ वर्षांचं होईपर्यंत झोपताना. बूट सुटला की पाय परत वळतो. तो बूट घालत्यात की नाही, लहान झालाय का, हे बघायला कोण तरी गावात लागतं, आणि ते काम तुमचं क्लिनिक करू शकतं.

निपाणीकर
परवानग्यांचं सांगतो. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चं कलम ५० सांगतं की दिव्यांगांसाठीची संस्था नोंदणीशिवाय चालवता येत नाही, त्यासाठी बेळगावात जिल्हा दिव्यांग कल्याण अधिकाऱ्यांकडं आधी जाऊन या. क्लिनिकला केपीएमई, म्हणजे कर्नाटकातली खासगी दवाखान्यांची नोंदणी, लागतं, नुसतं फिजिओथेरपी सेंटर असलं तरी. स्पीच थेरपिस्ट आणि स्पेशल एज्युकेटर घेताना आरसीआयची (भारतीय पुनर्वसन परिषद) नोंदणी बघा. ट्रस्ट केल्यावर १२ए, ८०जी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आयकर सवलतीच्या नोंदण्या करा, आणि साखर कारखान्यांकडं सीएसआर (कंपन्यांचा समाजकार्याचा निधी) मागायचा असेल तर सीएसआर-१ फॉर्म भरलेला पाहिजे, २०२१ पासून तो सक्तीचा आहे.

प्रत्येक पोराची वेगळी फाईल करा. यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, देशभर चालतं, पण पेन्शन आणि राज्याच्या योजना कर्नाटकातल्याच मिळणार. ऑटिझम, सीपी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता ह्यांना निरामय हा सरकारी आरोग्य विमा काढा, वर्षाला १ लाखापर्यंत, आणि त्यात थेरपीचाही खर्च बसतो, हे आपल्याकडं फार थोड्या आईबापांना माहीत आहे. आपल्यात अडतं ते नावात. मराठी नाव कन्नडमधून इंग्रजीत जाताना आधारवर एक आणि जन्मदाखल्यावर दुसरंच होतं आणि फॉर्म परत येतो. कन्नड नीट लिहिणारा एक माणूस कॅम्पात पहिल्या दिवसापासून बसवाच.

आणि जमलं तर कोल्हापूरला नसीमा हुरजूक यांनी १९८४ मध्ये सुरू केलेली हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड बघून या. त्या स्वतः व्हीलचेअर वापरतात, वापरणाऱ्यानं काम उभं केलं की काय होतं ते तिथं दिसतं.

आई_नंदगड
माझी मुलगी ११ वर्षांची, सीपी हाय. वरच्यांनी सगळं बरोबर सांगितलंय, मी फक्त आईच्या बाजूनं सांगते. मोठ्या पोरीचं डायपर बदलायला जागा कुठंच नसते, दवाखान्याच्या फरशीवर बदलावं लागतं, तेव्हा जीव नको होतो. कमरेएवढ्या उंचीचा लांब बाक आणि दाराला कडी, एवढं पहिलं करा. दुसरं, बोलायची थेरपी मराठीतच पाहिजे. आमच्या घरात सगळी मराठी बोलत्यात, आणि एका ठिकाणी मुलीला सगळे शब्द कन्नडमधून शिकवले, ते घरी आल्यावर ती कुणाशी बोलणार? कन्नड वाईट असं नाही हो, शेजारी आहेत, नंतर शिकेल की, पण भूक लागली हे तिला आजीला सांगता आलं पाहिजे. तिसरं, तारखा. भाताची सुगी आटपल्याशिवाय कोणी पंधरा दिवस येणार नाही, ती उरकू दे आणि मगच धरा. दुपारचं जेवण ठेवा आणि बरोबरच्या धाकट्या पोरांना पण वाढा, त्यांना घरी कुणाकडं ठेवणार आम्ही. आणि मदतनीस बाहेरून आणू नका, आमच्यातल्याच दोन आयांना शिकवून पगारावर घ्या, आम्ही एवढी वर्षं हेच करतोय.

हिंडलगा_टीचर
मी स्पेशल एज्युकेटर आहे. बांधाल तेव्हा पत्र्याचं छप्पर नको, आपला पाऊस पत्र्यावर पडायला लागला की ऑटिझमची पोरं कानावर हात ठेवून कोपऱ्यात जातात आणि चार महिने काही शिकवता येत नाही. कौलं किंवा स्लॅब करा, आणि एक छोटी शांत खोली. चित्रांची कार्डं विकत आणू नका, त्यांच्या घरातल्या लोट्याचे, भाकरीचे, लाल बसचे फोटो काढून प्रिंट करा. खुर्च्या आणि फ्रेम गावातला सुतार करतो, फक्त माप फिजिओनं द्यावं आणि वर्षातून दोनदा परत घ्यावं, पोर वाढतंय.

मलप्रभा_काठ
काय बोलू, खरंच खूप आभार सगळ्यांचे. ताई, बाकाचं आमच्या कुणाच्या डोक्यातच नव्हतं. जागा तशीच राहू दे, वर्षभराचा पगार आधी बाजूला काढतो. दोन गोष्टी विचारतो, गावोगावची पोरं शोधायची कशी? आणि आमच्याकडं पावसामुळं जोतं दोन फूट उंच घेत्यात, तर रॅम्पचं काय?

फिजिओ_टिळकवाडी
ग्रामपंचायतीत व्हीआरडब्ल्यू असतात, गावपातळीचे पुनर्वसन कार्यकर्ते, ते स्वतः दिव्यांग असतात आणि त्यांच्याकडं यादी असते. तालुक्याला त्यांच्यावर एमआरडब्ल्यू, म्हणजे तालुक्याचे पुनर्वसन कार्यकर्ते, त्यांना भेटा. यादीत नसलेली पोरं अंगणवाडीताईंना आणि आशाताईंना माहीत असतात. रॅम्पला एक फूट उंचीला बारा फूट लांबी, म्हणजे दोन फुटाला चोवीस फूट आणि वर-खाली सपाट जागा वेगळी, दोन्ही बाजूंना कठडा. फरशी गुळगुळीत नको, शेवाळ धरतं. दार ९० सेंटीमीटर मोकळं मिळालं पाहिजे. गुरुवारी दुपारनंतर मी मोकळी असते, खोली मिळाली की कळवा, सुरवातीचे काही महिने मी येते, तोवर कायमचं कोणीतरी बघू.