शब्दचर्चा : पिनबॉल, निऑन आणि 'व्हिंटेज'ला मराठीत काय म्हणायचं?

मूळ प्रश्न :
मंडळी, जरा मदत हवीये. मी सध्या डिजिटल चित्रांची एक मालिका करतेय, जुन्या अमेरिकन निऑन बोर्डांसारखी, पण विषय सगळा पिनबॉल मशिनचा (काचेखालच्या उतरत्या फळीवर धातूची गोळी सोडून गुण मिळवायचे, तो खेळ). काळपट विटांच्या भिंतीवर लाल नळीत वळवलेला 'टिल्ट' हा शब्द, एक गोळी टप्पे घेत जाते तिच्या एकामागून एक पेटणाऱ्या चार-पाच जागा, खाली गोळी परत वर फटकावणाऱ्या दोन दांड्या म्हणजे फ्लिपर, असं. चित्रं होतायत, पण त्यांच्याखाली मराठीत ओळी लिहायला बसले आणि अडले. एका अ‍ॅपने 'व्हिंटेज निऑन साइन'चं 'प्राचीन निऑन चिन्ह' करून दिलं, वाचून वाटलं मोहेंजोदडोत कुणी पानाचं दुकान टाकलंय. तर व्हिंटेज, साइन, ग्लो, मशिनच्या मागची ती उभी काच, फ्लिपर आणि टिल्ट, यांना तुम्ही बोलताना काय म्हणाल? कोशातलं नको, बोलण्यातलं सांगा.

प्रतिसाद :
साइनला चिन्ह म्हणणाऱ्याला आधी दंड करा. चिन्ह म्हणजे निवडणुकीचं. दुकानाला आपण बोर्ड लावतो. 'फलक' म्हटलं की सरकारी वास येतो, सूचना फलक, माहिती फलक, त्यावर कोणी झगमगाट करत नाही. 'पाटी' गोड आहे पण पाटीवर मजकूर लागतो, आणि तोही शक्यतो कुणाला तरी काहीतरी करू नका सांगणारा (पुणेकरांनी हलके घ्यावे). तुमच्या चित्रात गोळ्या आणि फ्लिपर आहेत म्हणजे पाटी नाही चालणार. निऑनचा बोर्ड म्हणा, विषय संपला.

प्रतिसाद :
व्हिंटेजबद्दल थोडं. मूळ शब्द द्राक्षांच्या तोडणीचा, लॅटिनमधून फ्रेंचमार्गे आलेला. अमुक सालच्या द्राक्षांची वाइन, मग अमुक सालची मोटार, आणि आता कशालाही. म्हणजे त्यात नुसतं जुनं नाही तर 'त्या सालचं आणि मुरलेलं' असा भाव आहे. आपल्याकडे जुनाट म्हटलं की टाकाऊ, पुरातन म्हटलं की लेणी, जुनापुराणा म्हटलं की भंगारवाला. पण तुमची चित्रं आजची आहेत हेही लक्षात घ्या, वस्तू जुनी नाही, ढंग जुना आहे, त्यामुळे 'जुन्या धाटणीचा' किंवा 'जुन्या वळणाचा' हेच बरोबर. त्यातही नळी वळवायची असल्यामुळे 'जुन्या वळणाचे निऑन बोर्ड' मला फारच आवडलं, माझंच असलं तरी.

आणि एक गंमत. निऑन हे नाव ग्रीक 'नेओस'वरून, अर्थ नवा. १८९८ साली लंडनमध्ये रॅमसे आणि ट्रॅव्हर्स या रसायनशास्त्रज्ञांनी हा वायू शोधला तेव्हा रॅमसेच्या शाळकरी मुलाने 'नोव्हम' असं लॅटिन नाव सुचवलं, बापाने त्याचं ग्रीक करून घेतलं. हा नेओस आणि आपला संस्कृत 'नव' एकाच मुळातले, म्हणजे 'व्हिंटेज निऑन' याचा शब्दशः अर्थ जुनं नवं असा होतो.

प्रतिसाद :
माझा बोर्ड बनवायचाच धंदा आहे म्हणून लिहितो. हल्ली गिऱ्हाईक 'निऑन करून द्या' म्हणतं तेव्हा त्याला सिलिकॉनच्या पट्टीत बसवलेली एलईडी हवी असते, त्यात निऑन औषधालाही नसतो. खरा निऑन म्हणजे काचेची नळी आचेवर मऊ करून हाताने वाकवायची, हवा काढायची, वायू भरायचा, दोन टोकांना इलेक्ट्रोड आणि वर काही हजार व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर. आणि खऱ्या निऑनचा रंग एकच, तांबडा-नारिंगी. निळा हवा तर आर्गॉनमध्ये थोडा पारा, बाकीचे हिरवे गुलाबी वगैरे नळीला आतून पावडरचा लेप देऊन किंवा रंगीत काच वापरून. म्हणजे 'गुलाबी निऑन' हेसुद्धा बोलण्यापुरतंच. ताई, चित्र काढताना एक बघा, नळी अखंड असते. एका अक्षरातून दुसऱ्या अक्षरात जाताना ती तोडत नाहीत, मागून नेतात आणि मधल्या भागाला काळा रंग मारतात म्हणजे तेवढा उजेड दिसत नाही. डिजिटलवाले हे काळे तुकडे काढतच नाहीत, मग ते निऑन न वाटता नुसती चमकणारी रेघ वाटते.

प्रतिसाद :
नमस्कार, मी शिकागोजवळ राहतो, पिनबॉलचा नाद आहे (बायको व्यसन म्हणते). हे शहर म्हणजे पिनबॉलचं माहेर, गॉटलिब, बॅली, विल्यम्स सगळ्या कंपन्या इथल्याच. आता मुख्य मुद्दा, पिनबॉल मशिनमध्ये सहसा निऑन नसतोच! आपल्या डोळ्यांपुढे जो उजेड येतो तो सव्वासहा व्होल्टच्या आसपासच्या बारक्या पिवळट बल्बांचा, आणि तोही रंगवलेल्या काचेमागून गाळून आलेला. निऑनचे बोर्ड असायचे ते आर्केडच्या (पैसे टाकून खेळायच्या मशिनच्या दुकानाच्या) किंवा बारच्या दारावर, मशिन आत. तुमच्या चित्रात दारावरचा उजेड आणि आतला उजेड एक झालेत, ते मला चुकीचं वाटत नाही, आठवणीत तसंच होतं, पण ओळ लिहिताना 'पिनबॉल मशिनमधले निऑन' असं लिहू नका, 'पिनबॉलवरून सुचलेले' लिहा.

मागच्या उभ्या काचेला इथे बॅकग्लास म्हणतात. जुन्या मशिनमध्ये ती काचेच्या पाठीमागून स्क्रीन प्रिंट केलेली असायची, उलट्या क्रमाने, म्हणजे सगळ्यात वर दिसणाऱ्या काळ्या रेषा आधी, मग रंग, आणि शेवटी उजेड अडवायचा थर, जिथून बल्ब दिसायला हवा तेवढी जागा सोडून. बल्बच्या उष्णतेने पुढे हा रंग पापुद्रे धरून सुटतो, जुनी काच घ्यायला गेलं की आधी तेच बघतात.

फ्लिपरचं म्हणाल तर फ्रान्स-इटलीत अख्ख्या खेळालाच फ्लिपर म्हणतात. पण खेळात तो आला फार उशिरा, १९४७ साली, गॉटलिबच्या 'हम्प्टी डम्प्टी' मशिनवर, एका बाजूला तीन असे सहा. त्याआधी गोळी सोडायची आणि नशिबाच्या नावाने बघत बसायचं, किंवा मशिनला धक्के द्यायचे. न्यूयॉर्कने १९४२ मध्ये हा जुगार म्हणून बंद केला तो थेट १९७६ पर्यंत. म्हणून चित्र १९३५ च्या धाटणीचं करणार असाल तर फ्लिपर काढून टाका, जाणकार हसतील.

प्रतिसाद :
वरच्या प्रतिसादावरून आठवलं, आपल्याकडे घरोघरी असायचं ते बॅगाटेल, खिळे ठोकलेली लाकडी फळी आणि गोळ्या, त्याचंच हे पोर ना? त्यातले खिळे म्हणजेच पिना. आमच्याकडे तर स्प्रिंगवाल्या दांड्याला दट्ट्या म्हणायचे.

प्रतिसाद (शिकागोवाला) :
हो तेच. १८७१ चं रेडग्रेव्हचं पेटंट त्याच दट्ट्याचं, आणि पेटंटचं नावच 'बॅगाटेलमधील सुधारणा' अशा अर्थाचं. दट्ट्या शब्द एकदम फिट. पिचकारीचा दट्ट्या, इंजेक्शनचा दट्ट्या, पिनबॉलचा दट्ट्या. माझ्या वयाच्या बऱ्याच मराठी लोकांना मात्र पिनबॉल माहीत झाला तो विंडोज एक्सपीवरच्या 'स्पेस कॅडेट' या गेममुळे, स्पेसबार दाबून धरायचा तोच दट्ट्या.

प्रतिसाद :
ग्लोवर कोणीच बोललं नाही. झगमगाट म्हणजे पुष्कळ दिवे एकदम, एका नळीचा झगमगाट होत नाही. लखलखाट घासलेल्या भांड्यांचा किंवा विजेचा. झळाळी तर बातम्यांनी सोन्याच्या भावाला देऊन टाकलीये. लुकलुकणं बारीक आणि लांबच्या दिव्याचं. निऑनचा उजेड स्थिर असतो, कडा विरघळलेल्या असतात, भिंतीवर पसरतो, त्याला मी 'आभा' म्हणेन, जरा कवितेतला शब्द आहे पण अर्थ नेमका. गोळीच्या त्या एकामागून एक पेटणाऱ्या जागा म्हणजे गणपतीच्या रोषणाईतलं 'रनिंग', आणि एकच दिवा चालू-बंद होत असेल तर 'उघडझाप'. रोषणाईवरून आठवलं, उर्दूत रोशनाई म्हणजे शाई, आणि आपण त्या शब्दाचे दिवे लावले.

बॅकग्लासला 'प्रभावळ' म्हणा की! देवाच्या मूर्तीमागे उभी असते ती. खेळ आडवा, प्रभावळ उभी, उजेड तिच्यातून.

प्रतिसाद :
प्रभावळ धातूची असते, तिच्यातून उजेड येत नाही. मखर म्हणा, त्यात निदान दिवे सोडतात. की दोन्ही सोडून 'मागची काच' म्हणायचं? समोरच्याला कळायलाही पाहिजे.

मूळ प्रश्नकर्ती :
अरे बापरे, सगळ्यांना धन्यवाद. काळ्या तुकड्यांचा सल्ला लगेच वापरला, फरक पडला खरंच. आत्तापर्यंत मी नुसती रेघ, आत जवळजवळ पांढरा गाभा आणि बाहेर तीन वेळा धूसर केलेला लाल, एवढ्यावर भागवत होते. 'जुन्या वळणाचे निऑन बोर्ड' घेतलं. आभा घेतली. दट्ट्या तर घेतलाच. मागची काच मागची काचच ठेवते, प्रभावळ म्हटलं की आई पाया पडेल. फ्लिपर तसाच. आता फक्त टिल्ट. 'कल' लिहिलं तर राजकीय होतंय.

प्रतिसाद :
टिल्ट म्हणजे मशिन गदागदा हलवून गोळी वळवायचा प्रयत्न केला की खेळ बंद पडतो तेच ना? त्याला मराठीत तयार शब्द आहे, 'रडीचा डाव'.

प्रतिसाद (शिकागोवाला) :
आक्षेप! हलका धक्का देणं हा खेळाचाच भाग आहे, चांगला खेळाडू सतत देतो. आत एक ओळंबा टांगलेला असतो, भोवती धातूचं कडं, ओळंबा कड्याला टेकला की सर्किट पूर्ण आणि फ्लिपर मेले. म्हणजे शिक्षा हलवण्याची नाही, अति हलवण्याची. रडी नाही म्हणता येणार.

प्रतिसाद :
मग 'बाद'. कबड्डी, खो-खो, सगळीकडे चालतो, दोनच अक्षरं, नळीचा खर्च कमी.

प्रतिसाद (बोर्डवाला) :
बाद चांगला, पण देवनागरी नळीत तितकी सोपी नाही. शिरोरेषेवरून जाताना प्रत्येक दांडीला खाली उतरून परत वर यावं लागतं, म्हणजे उभ्या रेघा दुहेरी होतात. शिरोरेषेची नळी वेगळी घ्या आणि अक्षरं तिच्याखाली जराशी सुटी ठेवा. 'ब'च्या पोटातली तिरकी रेघ वेगळा तुकडा म्हणून दाखवा, आणि त्याची जोडणी मागून काळी.

मूळ प्रश्नकर्ती :
शिरोरेषा निळी आणि अक्षरं लाल करते मग. 'द'ची शेपटी फ्लिपरसारखी उचललेली दाखवली तर वाचता येईल का, की 'ढ' वाटेल?

प्रतिसाद (बोर्डवाला) :
शेपटी बाहेरच्या बाजूला ठेवा, आत वळवलीत तर नक्की ढ.